चुकीला रकाना नाही

आधीच सांगून ठेवतो, हे कोणाला पटायचं नाही. माझ्या वर्गात मागच्या रांगेत एक बिबट्या सलग तीन दिवस येऊन बसला आणि चौथ्या दिवशी पाढ्यांना कंटाळून निघून गेला, ही हकीकत मी चार तालुक्यांत सांगितली आहे, आणि निम्म्या लोकांनी तरी मान हलवली. केंद्रप्रमुखांची जीप चिखलात रुतली तेव्हा चौथीच्या पोरांनी ती नुसत्या कविता म्हणून बाहेर काढली, हेही लोकांनी ऐकून घेतलं. पण आज सकाळी जालन्याच्या भाजीबाजारात लिंबं विकणाऱ्या एका बाईनं, हातातलं काम न थांबवता, माझी चौतीस वर्षांची मास्तरकी तपासली आणि तिच्यावर फुली मारली, हे मात्र कोणाला पटणार नाही, कारण ते खरं आहे. खऱ्या गोष्टी सांगायची मला सवय नाही. त्यांना कुठून धरायचं तेच कळत नाही. थापेला कशी मूठ असते.

मी बाजारात लिंबांसाठी गेलो असं कांताबाईला वाटतं. कांताबाई म्हणजे माझी बायको. माझ्या सगळ्या थापा तिला तारीखवार पाठ आहेत, कोणती कोणत्या साली वाढली तेसुद्धा. पण खरं म्हणजे मी मोनालीच्या एका प्रश्नापासून उठून गेलो होतो. मोनाली माझी नात. दोन वर्षं झाली, केदारखेड्याच्या पुढं एका वस्तीवरच्या शाळेत तिसरीला शिकवते, रोज जालन्याहून एसटीनं जाऊन येते. आज रविवार, तरी ती सकाळपासून पुढच्या खोलीत सतरंजीवर सव्वीस पोरांचे गणिताचे पेपर मांडून बसली होती. संध्याकाळी पाचच्या आत सगळ्यांचे गुण मोबाइलवरच्या ॲपमध्ये भरायचे होते. पंचवीस भरून झाले होते. सव्विसावा पेपर इंद्रायणीचा होता आणि तो तिच्या मांडीवर तसाच पडून होता. इंद्रायणीचा बाप गोरखनाथ मेंढ्या राखतो. दिवाळी झाली की कळप घेऊन घनसावंगीच्या अंगाला, गोदावरीकडं उतरतो. या खेपेला त्यानं शाळेत येऊन, टोपी हातात घेऊन, मोनालीला सांगितलं होतं, की बाई, पोरगी मोजणीत पास झाली तर तिच्या आजीपाशी ठेवतो, शिकू द्या. न्हाई झाली तर माझ्यासंगं मेंढरामागं येईल. तिच्यापायी तुमचाबी टाइम काहून खाऊ? परवा सकाळी तो निघणार होता, आणि उद्या शाळेत निकाल विचारायला येणार होता.

"दहापैकी चार," मोनाली मला म्हणाली होती. "आबा, मागच्या चाचणीतबी चार. त्याच्या मागच्या चाचणीतबी चार. कधी तीन न्हाई, कधी पाच न्हाई. ज्याला येतच न्हाई ते लेकरू बराबर चारावर कसं थांबतं?"

"हेडमास्तर काय म्हणतेत?"

"सर म्हणले, सात टाका अन् मोकळ्या व्हा. कोण बघायला येतंय. पोरगीबी राहील, शाळेचा आकडाबी राहील."

"मंग टाक की."

"टाकते. अन् उद्यापासून तिला शिकवू काय?" तिनं चष्मा काढून पदरानं पुसला. पदर नव्हता, ओढणी होती. माझ्या डोळ्यांना अजून पदरच दिसतो. "सात टाकले की ॲप सांगणार, हिला सगळं येतं, पुढं चला. चार टाकले की सांगणार, हिला मागच्या गटात बसवा, चिंचोके मोजायला द्या. तिला नेमकं काय अडतंय ते कोणीच सांगून न्हाई राह्यलं. तुमच्या वेळी तुम्ही काय करायचे आबा? थाप नको. खरं सांगा."

तेव्हा मी म्हणालो, की लिंबं आणायची राहून गेली. कांताबाई आतून म्हणाली, "आठ दिवस झाले सांगून राह्यले, आज बरं सुचलं!" आणि मी पिशवी घेऊन पायऱ्या उतरलो. वय त्र्याहत्तर, गुडघे त्याहून मोठे, तरी त्या पायऱ्या मी तरण्या पोरासारखा उतरलो. प्रश्न पाठीमागं लागला की माणूस उतरतो.

बाजारात ऊन अजून तापलं नव्हतं. कोथिंबिरीच्या ओल्या जुड्यांचा वास, मोसंब्यांच्या गाड्याभोवती माशा, कुठंतरी कोणी मेथीच्या भावावरून भांडत होतं आणि ते भांडण ऐकायला मला बरं वाटत होतं, कारण त्यात मला कोणी काही विचारत नव्हतं. लिंबंवाल्या बाईला मी म्हणालो, लोणच्याला पाहिजेत, शंभर द्या, पातळ सालीची. ती दोन्ही हातांनी लिंबं उचलून पिशवीत टाकायला लागली आणि तोंडानं मोजायला लागली. तिचं मोजणं एका लयीत होतं, पाळणा हलवावा तसं. मला त्या लयीत डुलकी लागल्यासारखं झालं. अठ्ठेचाळीस, एकोणपन्नास, पन्नास, आणि तिनं पिशवीचं तोंड बांधलं.

"शंभर म्हणलो होतो बाई."

"शंभरच हायेत."

"मी काय बहिरा हाय का? पन्नासला थांबल्या तुम्ही."

तिनं मान वर करून माझ्याकडं पाहिलं. टोपी, चष्मा, खिशातला पेन. "मास्तर होते का तुम्ही?"

"होतो. का?"

"वाटलंच. बघायच्या आधीच चूक देता." शेजारचा कांदेवाला मोठ्यानं हसला. "जोडीनं मोजून राह्यले ना मी. ह्या हातात एक, त्या हातात एक, अन् तोंडात एक. पटत नसंल तर ओता इथं, अन् मोजा तुमच्या शाळेच्या मोजणीनं."

मी पिशवी ओतली नाही. मी तिथं उभाच राहिलो. कानात वर्षानुवर्षं कापसाचा बोळा असावा आणि तो आहे हेच माहीत नसावं, आणि कोणी तो काढावा, तसं बाजाराचा सगळा आवाज एकदम जवळ आला, आणि त्या आवाजात एक नाव आलं. बिरू. मी ते नाव तोंडानंही म्हटलं असावं, कारण बाई म्हणाली, "काय म्हणले?" मी म्हणालो, काही नाही. पिशवी खांद्याला लावून निघालो. शंभर लिंबांचं वजन फार नसतं, पण ती पिशवी मला दोनदा खाली ठेवावी लागली.

पिंपळगाव रेणुकाईपासून आत, मेंढपाळांच्या एका वस्तीवर, माझी तिसरी की चौथी नेमणूक होती. शाळा म्हणजे एक खोली आणि एक व्हरांडा. राहायला मला वस्तीच्या कडेला एक पत्र्याचं छप्पर दिलं होतं. कडेला का दिलं ते कोणी बोललं नाही, मीही विचारलं नाही. आमच्या लोकांना कडेची जागा विचारावी लागत नाही, ती आपोआप मिळते. पण तिथून सकाळ फार सुंदर दिसायची. मी तोंडात कडुलिंबाची काडी धरून दगडावर बसायचो, आणि समोर मेंढरांचा कळप वाघुरीत, म्हणजे त्यांच्याभोवती लावलेल्या जाळीच्या कुंपणात, धुक्यासारखा दाटून असायचा. मग बिरूचा बाप जाळीचं एक टोक उचलायचा, एका वेळी दोन मेंढरं निघतील एवढंच. एका बाजूला बाप, दुसऱ्या बाजूला बिरू, आठ-नऊ वर्षांचा, आखूड चड्डी, डोक्याला बापाचा जुना पटका. मेंढरं जोडीजोडीनं बाहेर उड्या टाकायची आणि प्रत्येक उडीला बिरूचे ओठ हलायचे. शेवटी बाप ओरडायचा, "किती?" आणि बिरू एक आकडा ओरडायचा, आणि बाप मान हलवून काठी उचलायचा. हे मी तीन वर्षं रोज पाहिलं. देखावा म्हणून पाहिलं. मग चूळ भरून मी आंघोळ करायचो, शर्ट चढवायचो, आणि दोन तासांनी तोच पोरगा माझ्यासमोर बसकरपट्टीवर येऊन बसायचा आणि मी फळ्यावर बारा आंबे काढून विचारायचो, "किती?" आणि तो म्हणायचा, "सहा." सगळा वर्ग हसायचा. मी पण हसायचो. मी हसवण्यात हुशार मास्तर होतो. "अरे बिरू, बाकीचे सहा काय तू खाल्ले?" असं मी एकदा म्हणालो होतो. त्या वाक्यावर वर्ग इतका हसला की मला ते पुढं दोन-तीन गावांत वापरावं लागलं.

बाजारातून घराकडं येताना नेहमीच्या चौकात मी थांबलो, दुपार कलेपर्यंत रिक्षा जाऊ दिल्या, आणि मनाशी तपासून पाहिलं. बिरूला बेरीज येत होती. फळ्यावर बारा अधिक पाच लिहिलं की तो सतरा लिहायचा, खडू न अडखळता. हे मला तेव्हाही माहीत होतं. पण माहीत असणं आणि माहीत असलेल्या दोन गोष्टी एकमेकींशेजारी बसवणं वेगळं. आकडे दिसले की ती शाळा होती. तिथं तो शाळेचं मोजायचा. चित्रं दिसली, वस्तू दिसल्या, आणि कोणा मोठ्या माणसानं "किती?" असं ओरडून विचारलं, की ते घर होतं, आणि घरी दोनाला एक म्हणतात. त्याची एकही चूक चूक नव्हती. आणि हे कळायला मला मेंढरं पुरली नाहीत, पोरगा पुरला नाही, बाराला सहा, बाराला सहा असं तीन वर्षं कानावर पडलेलं पुरलं नाही; लिंबं लागली. एकतीस वर्षांनी. कोणी सांगितलं असतं तर मी हसून म्हणालो असतो, चांगली थाप आहे, शिकवा मला.

त्या काळात क्षमतांचे तक्ते आले होते. प्रत्येक पोराच्या नावापुढं रांगेनं चौकोन, प्रत्येक चौकोनात एक क्षमता: शंभरपर्यंत मोजतो, दोन अंकी बेरीज करतो, असं. येत असेल तर बरोबरची खूण, येत नसेल तर फुली. माझा त्यात हातखंडा होता. मोठ्या साहेबांच्या भेटीच्या आदल्या दिवशी भोकरदनच्या बसमध्ये बसून मी सबंध शाळेचा तक्ता मांडीवर भरायचो, निळ्या पेनानं खुणा, लाल पेनानं फुल्या, आणि बस खड्ड्यात गेली की खुणेला जो झोक यायचा तो खरा वाटायचा. सगळ्यांना सगळं येतं असं दाखवायचं नसतं. साहेबाला संशय येतो. दहा पोरांमागं दोन फुल्या, त्याही विखरून, एक इथं, एक तिथं, जशी ज्वारी पेरावी. पुढच्या तक्त्यात त्यातल्या निम्म्या फुल्या काढून टाकायच्या, म्हणजे प्रगती होते. दोन वेळा माझा तक्ता केंद्रात नमुना म्हणून लावला गेला. शेजारच्या शाळेवरचे राजानंद गुरुजी, माझे मित्र, तो बघून म्हणाले होते, "साहेबराव, तुझी पोरं शिकून राह्यली न्हाई, उमलून राह्यली." आम्ही दोघं पोट धरून हसलो होतो. एका बिरूच्या ओळीत मात्र मला काही पेरावं लागायचं नाही. ती मी त्याचा पेपर बघून भरायचो, कारण तिथं तयार फुल्या होत्या, फुकटच्या, दर वेळी तेवढ्याच. म्हणजे त्या सबंध तक्त्यात एकच ओळ खरी होती, आणि तिचा उपयोग मी बाकीच्या ओळी खऱ्या वाटाव्यात म्हणून केला.

मी लहान असताना आमच्या गावच्या शाळेतले गुरुजी माझी पाटी लांबूनच बघायचे. हातात घ्यायचे नाहीत. मी ती दोन्ही हातांनी छातीशी धरायचो, ते तीन हातांवरून डोळे बारीक करायचे आणि म्हणायचे, ठीक, किंवा म्हणायचे, चूक. चूक म्हणाले की मी पाटी उलटी करून स्वतःच बघत बसायचो, कुठं, कुठं चुकलं, आणि पुसायच्या आधी नखानं त्या गणिताभोवती एक चौकट ओढायचो, की उद्या विचारू. उद्या विचारायचं धाडस झालं नाही. हे आठवलं तेव्हा मी घराच्या पायऱ्यांशी पोचलो होतो. मला बिरूच्या पेपरला हात लावायला कोणाची बंदी नव्हती. मी त्याला कडेवर घेऊन ओढा ओलांडलेला होता. त्याच्या आईच्या हातची भाकरी मी खाल्ली होती आणि माझ्या हातचा चहा त्याचा बाप प्यायचा. तरी त्याचं उत्तर मी तीन हातांवरूनच बघितलं. बिरू तिसरीत दोनदा बसला आणि मग बसायचा थांबला. पुढं एकदा मी परभणीला लग्नाला चाललो होतो, तर वाटेत बस उभी राहिली, पुढून कळप रस्ता ओलांडत होता, आणि मधोमध बिरू होता, मिसरूड फुटलेला, एक हात बसच्या तोंडापुढं आडवा धरलेला. ड्रायव्हर हॉर्न वाजवून राह्यला होता आणि तो हलत नव्हता. त्याचे ओठ हलत होते. शेवटचं मेंढरू गेलं तेव्हा त्यानं खिडकीत मला पाहिलं, आणि तोच आडवा हात उचलून कपाळाला लावला. मी काचेमागून हसलो. शेजारच्या माणसाला म्हणालो, माझा विद्यार्थी. अभिमानानं म्हणालो. त्याला काय शिकवलं ते त्या माणसानं विचारलं नाही, म्हणून लग्नाला वेळेवर पोचलो.

घरात आलो तेव्हा साडेतीन वाजून गेले होते. सकाळी दहाला निघालेला माणूस शंभर लिंबं घेऊन साडेतीनला येतो, याचा कांताबाईनं अर्थ लावला. "कोणाकोणाला बिबट्या दाखवून आले?" तिनं विचारलं, आणि पिशवी घेऊन आत गेली. मोनाली तिथंच होती. तिच्यापुढं चहाचा रिकामा कप, मोबाइल, आणि मांडीवर तोच पेपर. पंचवीस पेपर तिनं रबर लावून बाजूला ठेवले होते. मी भिंतीला टेकून तिच्यासमोर बसलो.

"तिचे बरोबर आलेले चार कोणते?" मी विचारलं.

ती दचकली नाही, पण थोडी सरळ झाली. आजवर मी तिला शाळेचं असं काही विचारलं नव्हतं. "बेरीज-वजाबाकी. नुसत्या आकड्यांच्या."

"अन् चुकलेले सहा?"

"चित्रांचे. चित्रं मोजून लिहा."

"सगळे सहा?"

"सगळे." ती पेपरकडं बघत राहिली. "हे म्या बघितलंच न्हाई आबा. ॲपमध्ये एकेका प्रश्नापुढं नुसतं बरोबर न्हाई तर चूक दाबायचं. बरोबरला एक, चुकीला शून्य. चूक कोणती, कशी, काय लिहिलं तिनं, त्याला रकानाच न्हाई. म्या फुली मारली अन् शून्य दाबून राह्यले."

"वर्गात मोजताना बोटं कशी ठेवते ती?"

"दोन ठेवते. असं. पहिलं अन् मधलं." तिनं सतरंजीवर दोन बोटं टेकवून दाखवली, चिमणीच्या पावलासारखी. "म्या म्हणले, खेळून राह्यली."

इथं मी सांगायला हवं होतं, की पोरी, मला आज सकाळी बाजारात कळलं. वाक्य तयार होतं, लहानसंच होतं. पण ते जिभेवर आणलं तेव्हा त्याच्यामागून दुसरं वाक्य आलं, की मग बिरूचं काय झालं आबा, आणि त्या दुसऱ्या वाक्याला माझ्यापाशी उत्तर होतं. ज्या प्रश्नाला उत्तर नसतं त्याची भीती मला कधी वाटली नाही. आणि ही पोरगी माझ्यामुळं मास्तरीण झालेली. लहानपणी माझ्या पोटावर झोपून शाळेच्या गोष्टी ऐकलेली. त्या गोष्टींत एक मास्तर होता जो कोणत्याही पोराला नुसतं बघून ओळखायचा. मला तो मास्तर फार आवडतो. त्याला आज, शंभर लिंबांसाठी, मी मारू शकलो नाही.

"ऐक," मी म्हणालो. "पिंपळगावच्या बाजूला असताना माझ्यापाशी बिरू म्हणून एक पोरगा होता. मेंढपाळाचाच. दर चाचणीला चार. बाकीचे मास्तर म्हणायचे, ढ आहे, सोडून दे. पण मी काय केलं, एका दुपारी त्याचे सगळे पेपर घेऊन चिंचेखाली बसलो. गुण झाकून टाकले. नुसत्या चुका एका कागदावर उतरवल्या. प्रश्नात किती होते, अन् त्यानं किती लिहिले. शेजारी शेजारी."

"मंग?"

"मंग काय, चिंचेवरचा पक्षीसुद्धा गप्प झाला. निम्मं! प्रत्येक उत्तर बराबर निम्मं. मी तसाच उठलो, त्यांच्या वाघुरीवर गेलो, बापाला म्हणलो, दाखव मला तुम्ही कसे मोजता. तर ते जोडीनं मोजायचे! दोन मेंढरं गेली की एक. पोरगा चुकतच नव्हता, पोरी. तो घरची मोजणी शाळेत आणून राह्यला होता, अन् आपण त्याला फुल्या देऊन राह्यलो होतो. दुसऱ्या दिवशी त्याला सांगितलं, बिरू, तुझं बरोबर हाय, फक्त शाळेत एकाला एक म्हणायचं, अन् वाघुरीवर दोनाला एक. दोन्ही मोजण्या येतात असा वर्गात तू एकटाच. आठ दिवसांत दहापैकी दहा!"

 मोनालीनं पेपर मांडीवरून उचलून जवळ धरला होता. तिची नजर खाली होती आणि पेन्सिलीचं टोक एका चित्रावरून दुसऱ्या चित्रावर जात होतं. गोष्टीत रंगली, मला वाटलं. माणूस रंगला की असाच खाली बघतो. आतून कांताबाईचा लिंबं धुण्याचा आवाज येत होता, तोही मंदावला. मला अंगात जुनी ऊब यायला लागली. खरं सांगितल्यासारखंच वाटत होतं, नव्हे, खऱ्याहून बरं, कारण ही दुपार, ही चिंच, हा कागद, हे सगळं घडायला हवं होतं तसं घडत होतं. बिरू वर्गात उभा होता आणि कोणी हसत नव्हतं. आणि थापेला बारीक तपशील लागतो, भाजीला मीठ लागतं तसा. तेवढ्यात माझी सगळी कला आहे.

"मला तर त्याचा एकेक आकडा अजून डोळ्यांपुढं दिसतो," मी म्हणालो. "बाराला सहा. विसाला दहा. अन् एका ठिकाणी सतरा चिमण्या होत्या बघ, तर त्या पठ्ठ्यानं काय लिहावं? साडेआठ! तिसरीतलं लेकरू, साडेआठ! तेव्हाच मी ओळखलं, हे पोरगं साधं न्हाई. पुढं नायब तहसीलदार झाला. परवा भेटला तर गाडी थांबवून पाया पडला."

"थांबा," मोनाली म्हणाली.

कांताबाई ओल्या हातांनी दारात येऊन उभी राहिली होती. मोनालीनं पेपर सतरंजीवर ठेवला आणि माझ्याकडं वळवला, मला नीट दिसावा म्हणून. किती जवळ होता तो; माझ्या गुडघ्याला त्याचा कोपरा लागला.

"बारा आंब्यांना हिनं सहा लिहिलं," ती म्हणाली. तिचा आवाज शांत होता, वर्गात असावा तसा. "वीस मण्यांना दहा. चौदा पतंगांना सात. आठ कपांना चार. तुमचं बिलकुल बराबर हाय आबा, निम्मंच हाय. पोरीला मोजता येतंय. ॲपमध्ये मी चारच टाकीन, तिनं लिहिलं तेच. पण उद्या गोरखनाथभाऊ आले की त्यांच्यासोबत वाघुरीवर जाते, तिला त्यांच्यापुढं मोजायला लावते, अन् हा पेपर त्यांच्या हातात देते. म्हणते, तुमच्याच घरची मोजणी हाय ही, नापास कोणाला करता?" तिनं पेन्सिल उचलली आणि खालच्या दोन चित्रांवर ठेवली. "पण हे बघा. इथं सतरा फुलं हायेत. हिनं साडेआठ न्हाई लिहिलं. आठ लिहिलं, अन् पुढं ही एक बारीक उभी रेघ. नऊ पानं, तर चार, अन् पुढं तशीच रेघ. मला वाटलं पेन घसरला, म्या तिच्यावरूनच फुली ओढली. ही रेघ म्हणजे जोडी न लागलेलं एकटं मेंढरू."

मी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. चांगलं काहीतरी येत होतं.

"अर्धं मेंढरू कोण मोजतं, आबा?" मोनाली म्हणाली. "साडेआठ कोणत्याच मेंढपाळाचं लेकरू लिहिणार न्हाई. खोटं बोलून राह्यले तुम्ही. बिरूचा पेपर तुम्ही कधी वाचलाच न्हाई."